बटणातला घरजावई

बटण दाबलं की आधी दिवे लागायचे आणि मग नकल्या बोलायचा.

म्हणजे खरा नकल्या नव्हे, त्याचा आवाज. खरा नकल्या, इथे लोकांना माहिती सांगणारा, तेव्हा बहुतेक दाराशी उभा राहून तिकीटवाल्या मावशींच्या डब्यातलं काहीतरी पळवत असायचा. विज्ञान केंद्राच्या तळमजल्यावर आख्खं एक दालन अडवून फायबरची पेशी उभी केली होती. माणसं आत चालत जातील एवढी मोठी. मधोमध जांभळ्या घुमटासारखं केंद्रक, भोवती पडदे, नळ्या, पिशव्या, आणि जागोजाग आडव्या पडलेल्या नारिंगी मायटोकॉन्ड्रिया. एकेकीत एक माणूस सुखानं झोपला असता. त्यातल्या सगळ्यात मोठीच्या पोटावर लाल बटण होतं. ते दाबलं की सगळ्या नारिंगी पोटांत एकदम दिवे लागायचे आणि वरच्या स्पीकरमधून आवाज यायचा:

"मंडळी, हा जो नारिंगी गडी दिसतोय ना, हा मूळचा या घरातला नाही. दीड-दोन अब्ज वर्षांपूर्वी हा बाहेर मोकळा फिरणारा जीवाणू होता. स्वतःचं घर, स्वतःची चूल. एक दिवस एका मोठ्या पेशीनं ह्याला गिळलं. पचवायला गेली, पचेना. म्हणाली, राहा बाबा दोन दिवस. हा आपला एक पिशवी घेऊन आलेला. पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. ह्याची गेली. मग हळूहळू आपलं सगळं सामान, म्हणजे आपली जनुकं, ह्यानं घरमालकिणीच्या कपाटात नेऊन ठेवली. स्वतःजवळ उरलं एक गाठोडं. अंगावर दोन आवरणं, आतलं स्वतःचं, बाहेरचं सासरचं. आता घरातले दिवे लावतो, मोटर चालवतो, आणि कुणी जा म्हटलं तरी जाणार कुठे? विज्ञानात ह्याला मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. आपल्या भाषेत, घरजावई."

इथे हशा. रोजचा, हमखास हशा. शाळेची सहल असो की निवृत्त लोकांचा घोळका, हसायचेच.

केंद्रातल्या माणसांना मात्र यात आणखी एक मजा होती. हे दिवे, हा स्पीकर, हे बटण ज्यानं बसवलं तो केंद्राचा इलेक्ट्रिशियन नकल्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा होता. त्याचा कारखाना बंद पडला तेव्हा तो दोन दिवसांसाठी म्हणून बायकोच्या माहेरी आला होता, एक पिशवी घेऊन. ती पिशवी अजून माळ्यावर होती आणि तोही अजून घरातच होता. आवाज घालायच्या दिवशी नकल्यानं मुद्दाम त्यालाच माईक धरायला उभं केलं होतं. जावई माईक धरून उभा, आणि नकल्या त्याच्याकडे बघत बघत एकेक वाक्य सोडतोय. शेवटचा शब्द आला तेव्हा माईक जरासा हलला. बाकी काही नाही.

दुसऱ्या दिवसापासून वॉचमन त्याला 'मायटो' म्हणायला लागला. मग झाडूवाले म्हणायला लागले, मग कँटीनवाला. "मायटो, वरची ट्यूब गेली रे." तो म्हणायचा, "आलो." शिडी उचलायचा आणि यायचा. नकल्याचा एक साधा हिशोब होता, जो चिडत नाही तो मनातून हसतोय. आपल्या खोड्यांना आयुष्यभर त्यानं हेच माप लावलं होतं, आणि त्या मापानं कधी कुणी रागावलेलंच नव्हतं.

केंद्राच्या बाई, म्हणजे ज्यांनी या पेशीचा सगळा मजकूर लिहिला होता त्या, त्यांनी तेवढी एक शंका काढली होती. "अरे, माझी शेवटची दोन वाक्यं कुठे गेली?"

"बाई, हशा आला की थांबायचं असतं. हशानंतर बोलतो तो मास्तर."

"पण शास्त्र अर्धंच राहतं ना."

"लोकांना अर्धंच पुरतं. बघा, दोनदा-दोनदा दाबतील."

लोक दोनदा दाबायला लागले तेव्हा बाईंनी विषय सोडला.

एका संध्याकाळी धाकटीनं नकल्याला स्वयंपाकघरात बोलावलं. दार लोटून घेतलं. ओट्यावर पीठ तसंच ठेवून ती म्हणाली, "दादा, अण्णा येतायत. माझे सासरे. दोन दिवस."

"येऊ देत की. मग एवढं तोंड कशाला उतरवलंयस?"

"ह्यांनी त्यांना सांगितलेलंच नाही."

"काय?"

"हेच. आम्ही माझ्या माहेरी राहतो ते." तिनं हातातलं पीठ झटकलं. "ह्यांनी त्यांना सांगितलंय की हे घर ह्यांनी घेतलंय. आणि तू आणि बाबा... आमच्याकडे राहता."

नकल्याचे खांदे हलायला लागले. हसू दाबता दाबता त्याला ओट्याचा आधार घ्यावा लागला.

"हसू नकोस रे. मी तुझ्या पाया पडते. दोनच दिवस सांभाळून घे."

"अगं, सांभाळून काय घे? आधी नाही का सांगायचं? एवढं चांगलं नाटक आणि मला शेवटच्या क्षणी?"

बाबांना पटवणं जास्त अवघड गेलं. ते पलंगावर बसून म्हणाले, "म्हणजे मी माझ्या घरात आश्रित?"

"दोन दिवस, बाबा."

"माझी पाटी काढणार?"

"काढून आत ठेवू. परत लावू."

"जावयाला एवढी लाज वाटते होय इथे राहायची?" बाबा म्हणाले आणि स्वतःच जरा थांबले. कारण त्यांची गोळ्यांची डबी भरून ठेवणारा, त्यांना महिन्याच्या तपासणीला धरून नेणारा, त्यांच्या पलंगाशी हाताला लागेल असं दिव्याचं बटण बसवणारा तोच होता. "बरं, काढा," ते म्हणाले.

मागे एकदा जावई चार दिवस अण्णांकडे गेला होता. तेव्हा पाण्याची मोटर बंद पडली, फ्यूज उडाला, आणि नकल्यानं मेणबत्तीच्या उजेडात सबंध गल्लीला ऐकू जाईल एवढ्या शिव्या मोटरला घातल्या. ही गोष्ट तो पुढे हसून हसून सांगायचा. ती विनोदी आहे एवढंच त्याच्या ध्यानात होतं.

दारावरची पाटी जावयानंच बदलली. बाबांची काढली, स्वतःच्या नावाची लावली. कुठून तरी आधीच करून आणली होती. चारही स्क्रू घट्ट केले आणि मागे न बघता आत गेला.

अण्णा आले. लेथवर जन्म घालवलेला माणूस. हातांचे पंजे फावड्यासारखे, एक कान यंत्रांनी खाल्लेला, त्यामुळे बोलणाऱ्याकडे चांगला कान वळवून ऐकायचे. दारातच ते पाटीसमोर थांबले. बोटानं अक्षरांवरून हात फिरवला. "बरोबर लावलीय," म्हणाले. "लेव्हलमध्ये."

नकल्याचं नाटक तिथूनच सुरू झालं. तो बैठकीच्या खोलीत दाराशी ताटकळत उभा राहिला, चप्पल हातात धरून.

"बसू का, जावईबापू?"

जावयानं चहाचा कप खाली ठेवला. "बसा ना, दादा."

"नाही, म्हणजे तुम्हाला अडचण नसेल तर. सोफा नवा आहे." तो सोफा नकल्याचं लग्न मोडलं त्या वर्षी बाबांनीच घेतलेला होता. धाकटीनं मागून त्याच्या दंडाला असा चिमटा काढला की त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. अण्णांना वाटलं, माणसाला भरून आलंय.

जेवताना तर नकल्याला ऊतच आला. "अण्णा, काय सांगू, आम्ही दोघं बापलेक दोन दिवसांसाठी आलो होतो इथे. एक पिशवी घेऊन. पिशवी अजून माळ्यावर आहे बघा. पण तुमच्या मुलानं कधी म्हटलं नाही, कधी जाताय."

बाबांना ठसका लागला. धाकटी पाणी आणायला उठली ती बराच वेळ आलीच नाही.

अण्णा घास हातात धरून ऐकत होते. मग त्यांनी डावा हात मुलाच्या पाठीवर ठेवला आणि नुसता ठेवला, थोपटला वगैरे नाही. "पोरानं नाव काढलं," एवढंच म्हणाले. "आमच्याकडे सगळे म्हणत होते, काम गेलं, आता हा बायकोच्या घरी जाऊन बसणार. मी म्हटलं, माझा मुलगा उपाशी राहील पण तसलं करायचा नाही."

नकल्याची नजर जावयाच्या चेहऱ्यावर गेली आणि पुढची कोटी त्याच्या तोंडातच राहिली. चोरीचा माल अंगावर घालून आरशासमोर उभं केल्यासारखा तो चेहरा होता. तो हसत नव्हता. मनातूनही हसत नव्हता. नकल्याचं माप पहिल्यांदाच चुकलं, आणि चुकलं ते आजचं नाही, असं काहीतरी त्याला आतून टोचलं. इतके दिवस तो "आलो" म्हणून शिडी चढायचा तेव्हाही हाच चेहरा असणार. वर कोण बघतंय?

"उद्या तुझं काम बघायचंय," अण्णा म्हणाले. "ते काय म्हणालास, पेशी. तू उजेड केलेली."

जावई ताटाकडे बघत म्हणाला, "लांब आहे, अण्णा. पाय दुखतील तुमचे."

"पाय घरीही दुखतात."

नकल्याच्या हातातला पाण्याचा पेला तसाच राहिला. बटण. लाल बटण, वर स्पीकर, आणि स्पीकरमध्ये तो स्वतः. दोन दिवस, एक पिशवी, जाणार कुठे. तोंडचं पाणी पळालं म्हणतात ते खरंच पळालं, पेला हातात असून.

उपाय तसा सोपा होता. आवाजाचं कार्ड स्पीकरखालच्या कुलूपबंद डब्यात होतं आणि किल्ली जावयाच्या जुडग्यात. त्याला एवढंच म्हणायचं, ते उद्यापुरतं काढा. पण हे म्हणायचं म्हणजे आधी मान्य करायचं की त्यात जे आहे ते त्याच्यावर आहे, सगळ्या केंद्राला ठाऊक आहे, आणि बोलणारा मी. हात धुताना तो जावयाच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"जावईबापू, ते उद्या..."

"काय?"

"ते... साबण जरा इकडे द्या."

पुन्हा अंथरुणं घालताना म्हणाला, "ऐका ना, ते आपलं बटण..." जावयानं वळून बघितलं. सरळ बघितलं. आणि नकल्याच्या तोंडून आपोआप बाहेर पडलं, "तुमच्या सदऱ्याचं तुटलंय हो." सदऱ्याची बटणं शाबूत होती. जावयानं खाली बघितलं, पुन्हा वर बघितलं आणि उशी घेऊन आत गेला. जन्मभर ज्या जिभेनं हवं ते बोलून घेतलं ती एका साध्या वाक्याला नाही म्हणत होती.

सकाळी नकल्या सगळ्यांच्या आधी केंद्रावर पोचला. बाई परगावी. मग त्यानं वॉचमनला गाठलं, झाडूवाल्यांना गाठलं, तिकीटवाल्या मावशींना गाठलं. "आज कुणी मायटो म्हणायचं नाही. त्यांचे वडील येतायत."

"मग काय म्हणायचं?" मावशी म्हणाल्या.

"काय म्हणजे? नावानं हाक मारा."

मावशी तिकिटांची गड्डी हातात धरून त्याच्याकडे बघत राहिल्या. "नाव काय त्यांचं?"

त्या चेष्टा करत नव्हत्या. खरंच विचारत होत्या. नकल्यानं नाव सांगितलं. ते नाव त्याच्या स्वतःच्या तोंडून इतक्या दिवसांनी निघालं की त्यालाच ते परक्या माणसाचं वाटलं. "चांगलं आहे की," मावशी म्हणाल्या आणि दोनदा म्हणून बघितलं, विसरू नये म्हणून. नकल्याला तिथून जमिनीत जावंसं वाटलं. डब्यातलं काही उचलायचंही भान राहिलं नाही.

राहिलं बटण. केंद्रकाच्या मागे एक प्लग होता, सगळ्या पेशीची वीज तिथून यायची. बापलेक दालनाच्या दारात दिसले तसा नकल्या गुडघ्यांवर रांगत घुमटामागे गेला आणि प्लग उपटला. जोर जरा जास्तच लागला. प्लग हातात आला, वायर तुटून घुमटाशीच राहिली.

पेशी विझली. आत फिरणारी दहाबारा माणसं 'अरे' म्हणत जागच्या जागी थांबली. दारातला एक छोटा दिवा तेवढा राहिला.

"काय झालं?" अण्णांनी चांगला कान वळवला.

"बंद पडलं," कुणीतरी म्हणालं.

नकल्या घुमटामागून बाहेर आला. गुडघ्यांना धूळ, मुठीत प्लग. त्यानं मूठ पाठीमागे नेली, पण जावयानं पाहिलं होतं. प्लग पाहिला, गुडघे पाहिले, आणि बटणाकडे पाहिलं. सगळं त्याच्या लक्षात आलं. नकल्यानं त्या मंद उजेडात अगदी बारीक मान हलवली, राहू दे. अंधारच राहू दे.

जावयाचे खांदे सैल झाले. बहुतेक तो राहूच देणार होता. पण तेवढ्यात अण्णांनी त्याच्या दंडाला हात लावला आणि हळू आवाजात, लोकांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं, म्हणाले, "होतं असं. नवीन हात असला की होतं. मनाला लावून घेऊ नकोस."

जावयानं दंड सोडवून घेतला. खिशातून पेचकस काढला आणि नकल्यासमोर येऊन हात पुढे केला. नकल्यानं त्याच्या हातावर प्लग ठेवला.

"वेळ लागेल थोडा," तो वडिलांना म्हणाला आणि घुमटामागे गेला.

अण्णा अंधारात त्या मोठ्या नारिंगी पोटाला हात लावून उभे होते. "तुम्ही इथे माहिती सांगता ना?" त्यांनी नकल्याला विचारलं. "हे काय आहे?"

हजारदा सांगितलेली गोष्ट. पण नकल्यानं तोंड उघडलं आणि त्याला कळलं की कोटीशिवाय ती कशी सुरू होते हेच आपल्याला ठाऊक नाही. अंधार होता म्हणून बरं.

"ही... आपल्या शरीरात अशा लाखो कोटी पेशी असतात, अण्णा. आणि पेशीत हे. पेशीची वीज हे तयार करतात. आपण खातो, श्वास घेतो, ते सगळं इथे येऊन कामाला लागतं."

"म्हणजे पॉवर हाउस."

"हो. पण हे मूळचे आतले नाहीत. फार पूर्वी हे बाहेर जगणारे जीवाणू होते. त्यांचं कूळ अजून बाहेर आहे, मोकळं फिरणारं. एक कधीतरी दुसऱ्या जिवाच्या आत गेला. गिळला म्हणतात, पण गिळला की आपला आपण शिरला, यावर शास्त्रज्ञांचं अजून भांडण आहे. एवढं नक्की की तो मेला नाही आणि घरालाही मारलं नाही."

"हे कळलं कसं? बघायला कोण होतं?"

"खुणा राहिल्यात. याला आपली वेगळी जनुकं आहेत, थोडीशी, गोल कड्यासारखी, जीवाणूंची असतात तशी. हा पेशीच्या हुकमानं नव्यानं बनत नाही. एकाचे दोन होतात, जीवाणूंसारखेच. आणि आवरणं दोन. झाडांत हिरवे असतात ना, उन्हावर अन्न करणारे, तेही असेच नंतर आत आलेले. पहिल्यांदा कुणी हे सांगितलं तेव्हा लोक हसले होते म्हणे."

"लोकांचं काय. मग आता त्याला बाहेर काढलं तर?"

"जगणार नाही. बरीचशी जनुकं त्यानं घराच्या स्वाधीन केलीत."

"आणि घर?"

घुमटामागे पेचकसाची करकर थांबली होती. नकल्याच्या घशात बाईंची ती दोन वाक्यं आली, त्यानं कापून टाकलेली. पाठ होती. कापलेलं जास्त पाठ राहतं.

"घरही जगणार नाही," तो म्हणाला. "ज्या पेशीनं त्याला आत घेतलं ती आज त्याच्यावाचून उभीच राहू शकत नाही. तो आत आला, म्हणून पुढे झाडं झाली, जनावरं झाली, तुम्ही-आम्ही झालो. नाहीतर ती होती तशीच राहिली असती, एकटी. पाहुणा कोण आणि मालक कोण, ते आता सांगता येत नाही."

अण्णा हं म्हणाले.

मग दिवे लागले. एकदम सगळे. प्रत्येक नारिंगी पोटात उजेड भरत गेला, पडद्यांवरून घरंगळत घुमटापर्यंत चढला. माणसांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांनी मान वर केली आणि तोंड उघडं ठेवून ते सगळीकडे बघत राहिले. "हे तू केलंस," ते म्हणाले, आणि मुलगा घुमटामागून बाहेर आला.

"इथे दाबा आजोबा," गर्दीतली एक बाई म्हणाली. "मजा आहे."

अण्णांनी मुलाकडे बघितलं, दाबू का असं. नकल्याला वाटलं, आता हा नको म्हणेल. काहीही कारण सांगेल. पण दिव्यांचं कौतुक अजून वडिलांच्या डोळ्यांत होतं आणि बटण हा त्यातलाच एक भाग होता. त्याचंच काम. तो म्हणाला, "दाबा."

मंडळी, हा जो नारिंगी गडी दिसतोय ना.

नकल्यानं आपला आवाज इतक्या जवळून कधी ऐकला नव्हता. दाराशी उभं राहून ऐकला की तो गमतीदार वाटायचा. इथे प्रत्येक शब्दाला दात होते. एक पिशवी. अक्कल जाई. जाणार कुठे. अण्णा चांगला कान वर करून, डोळे बारीक करून ऐकत होते. जावई पेचकस दोन्ही हातांनी धरून उभा होता. शेवटचा शब्द आला. गर्दी हसली.

अण्णा हसले नाहीत. ते सावकाश वळले, आणि मुलाकडे नाही, नकल्याकडे वळले.

"तुमचा आवाज आहे."

"हो."

"पिशवी. दोन दिवस. काल तुम्ही जेवताना सांगितलंत तेच." त्यांचा चेहरा मऊ झाला. "स्वतःवरच केलीत होय ही थट्टा?"

दारात मावशी येऊन उभ्या होत्या. वॉचमन होता. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं आणि सगळे नकल्याकडे बघत होते. जावईही. आयुष्यात पहिल्यांदा एवढे लोक समोर असून नकल्याला एकही कोटी सुचली नाही.

"हो, अण्णा," तो म्हणाला. "माझ्यावरच आहे ती."

अण्णांनी तो फावड्यासारखा पंजा त्याच्या खांद्यावर ठेवला. "असं करू नये. लोक हसतात, आपणही हसतो, पण आत लागत असतं. राहता तर राहता. लाज कसली त्यात? घराला तुमचा उपयोग असेलच की काहीतरी. आत्ताच नाही का सांगितलंत, पाहुणा कोण, मालक कोण." मग त्याच्या कानाशी येऊन, "आणि माझा मुलगा तसा नाही. तो तुम्हाला कधी जा म्हणणार नाही. टोमणासुद्धा मारणार नाही. मी ओळखतो त्याला."

नकल्यानं मान खाली घातली. यातला एकेक शब्द जावयापर्यंत पोचायला हवा होता, कितीतरी आधी, आणि पोचवणारा नकल्याच असायला हवा होता. आता ते सगळं त्याच्याच पदरात पडत होतं आणि नको म्हणायची सोय नव्हती. अण्णा हसणाऱ्या लोकांकडे वळून म्हणाले, "हसू नका हो. बोलत नाहीत, पण वाईट वाटतं माणसाला." लोक गोंधळून गप्प झाले. वॉचमननं टोपी काढून उगाच आतून बघितली.

मावशी पुढे आल्या आणि त्यांनी जावयाला नावानं हाक मारली. "वरच्या मजल्यावरचं पण दाखवा की वडिलांना." नाव बरोबर घेतलं. जावयाला आधी कळलंच नाही की आपल्याला बोलावतायत.

दुसऱ्या दिवशी अण्णा गेले. जाताना पाटीवरून पुन्हा बोट फिरवलं, बाबांचे दोन्ही हात हातांत घेतले आणि मुलाला म्हणाले, "ह्यांना सांभाळ."

"हो, अण्णा."

ते वळणावरून दिसेनासे झाले आणि बाबा आत जाऊन पडले. पाटीचं काही बोलले नाहीत. नकल्या दारातच घुटमळत होता, तोवर जावई पेचकस घेऊन आला आणि आपल्या नावाचे स्क्रू काढायला लागला.

"राहू द्या ना," नकल्या म्हणाला. "घाई काय आहे."

"पोस्टमन चुकेल."

एक स्क्रू निघाला, दुसरा निघाला. नकल्यानं तळहात पुढे केला, जावई त्यात एकेक ठेवत गेला.

"ते बटणातलं," नकल्या म्हणाला. जीभ पुन्हा सदऱ्याकडे पळायला निघाली होती, त्यानं धरून ठेवली. "ते मी काढतो. माझं... मी तेव्हा तुम्हालाच माईक धरायला लावला होता."

जावयानं पाटी उतरवली, फडक्यानं पुसली आणि आपल्या हत्यारांच्या पिशवीत तळाशी ठेवली.

"लावला होतात," तो म्हणाला. "हातही हलवायची सोय नव्हती."

समोरच्या घरातल्या बाई झाडांना पाणी घालता घालता बघत होत्या.

"काल अंधारात अण्णांना सांगितलंत ना," जावई शेवटी म्हणाला, "तसं सांगा त्यात. उद्या डबा उघडून ठेवतो." मग बाबांची जुनी पाटी उचलून नकल्याच्या हातात दिली. "धरा जरा."

नकल्यानं पाटी भिंतीला टेकवली. दोन्ही हातांनी धरली. स्क्रू त्याच्या मुठीतच होते, ते देता येईनात, आणि मूठ सोडायला गेलं की पाटीचा एक कोपरा खाली जात होता.

"सरळ धरा," जावई म्हणाला.

नकल्यानं वर बघितलं नाही. बापाच्या नावाकडे बघत तो पाटी सरळ धरायचा प्रयत्न करत राहिला.